मत पंचांच्या हाती राहिले असते तर?

(राष्ट्रीय मतदार दिनी, २५ जानेवारी रोजी, सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात शाळेच्या पटांगणावर गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो पाराने आम्हांस दिला. आठ दिवसांमागे शाळा सुटल्यावर आम्ही घरी निघालो असता पारावर बसलेल्या बापूंनी हाक मारली आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या इलेक्शनपायी लई पैसा मातीत जातोय, अन् भावकीत भांडणं लागत्यात. त्यापरीस गावानं पाच शाणी माणसं नेमावी, अन् आमदार-खासदार त्या पंचांनीच ठरवावा. आपण आपलं शेत बघावं. काय चुकलं?" पारावरच्या साऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हांस मात्र त्या वेळी उत्तर सुचले नाही. मास्तराला उत्तर न सुचणे ही लाजेची गोष्ट. म्हणून गेले आठ दिवस आम्ही पुस्तके चाळली, आणि ते उत्तर आज सर्वांसमक्ष देत आहोत. बापू समोरच बसले आहेत. त्यांनी मध्येच उठून जाऊ नये, एवढीच विनंती!

पहिली गोष्ट ही की, बापूंचा विचार वेडगळ नव्हे. तो विचार मोठमोठ्या माणसांनी केलेला आहे, आणि एकदा तर तो देशाच्या घटनेच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेला आहे. १९४६ साली श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी गांधीजींच्या विचारावर स्वतंत्र हिंदुस्थानची एक घटना लिहिली. तीत गावची पंचायत हा पाया, आणि वरची सारी मंडळे खालच्या मंडळांनी निवडावयाची, अशी उतरंड होती. पुढे १९४८ च्या मे महिन्यात, घटनेचा मसुदा तयार असता, घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समितीचे सल्लागार सर बेनेगल नरसिंग राव यांस पत्र लिहिले. त्याचा आशय असा : घटनेची सुरुवात खेड्यापासून व्हावी, प्रौढ मताधिकार गावच्या पंचायतीपुरता असावा, आणि प्रांताचे व देशाचे प्रतिनिधी ह्या पंचायतींनी निवडावेत. राव साहेबांनी महिनाअखेरीस उत्तर दिले की, खालच्या सभागृहांसाठी थेट निवडणूक हा निर्णय समितीने आधीच घेतला आहे आणि तो आता फिरविणे अवघड आहे. एवढ्यावर ती सूचना मागे पडली. घटनेत ४० व्या कलमात पंचायती आल्या, परंतु त्या सरकारास दिलेला एक निर्देश म्हणून. मताचा हक्क ३२६ व्या कलमाने सरळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती गेला.

मंडळी, ती सूचना फेटाळली गेली नसती तर काय झाले असते? १९५२ ची देशाची पहिली निवडणूक कशी झाली असती? आज आपण हाच हिशेब मांडू. जे घडले नाही त्याची गोष्ट सांगणे म्हणजे हवेत किल्ले, असे कोणी म्हणेल. पण मुलाला वजाबाकी शिकविताना आम्ही हातचे काढून दाखवितो, तेव्हाच हाती काय होते ते त्यास कळते. तशीच ही वजाबाकी आहे.

आधी, खरे काय घडले ते पाहू. इंग्रजांच्या राज्यात मत ही मिरासदारी होती. जो सारा भरी, कर भरी, किंवा अमुक इयत्ता शिकलेला असे, त्यासच मत. १९३४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते साधारण १४ लाख. म्हणजे दोनशे माणसांत एक. आता मौज पाहा. आधी बहुजनसमाजाच्या पोराला शाळेच्या पायरीवर चढू द्यावयाचे नाही. मग तो अडाणी राहिला की म्हणावयाचे, 'अडाण्याला मत कशाला?' जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते की, सरकारचा वसूल येतो रयतेच्या घामातून आणि विद्येचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. त्या अन्यायाची दुसरी पायरी म्हणजे मताची ही अट.

ही मिरासदारी १९५२ साली एका फटक्यात मोडली. २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुष मतदार झाला. मतदार किती? १७ कोटी ३२ लाख. त्या वेळी देशात शंभरांत १८ माणसे साक्षर होती, आणि बायांत तर शंभरांत ९. म्हणून सुकुमार सेन नावाच्या निवडणूक आयुक्तांनी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेविली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लाविले : कोठे बैलजोडी, कोठे हत्ती. वाचता येत नाही? नको येऊ दे. चिन्ह ओळख आणि त्या पेटीत कागद टाक. अशा सुमारे २० लाख पोलादी पेट्या घडविल्या गेल्या. १९५१ च्या २५ ऑक्टोबरला हिमाचलातील चिनी ह्या डोंगरी मुलखात पहिले मत पडले. ते टाकणारे श्यामशरण नेगी हे आमच्याच धंद्याचे, खेड्यातले शाळामास्तर. निवडणुकीच्या कामावर जावयाचे म्हणून सकाळी आधी मत देऊन गेले. शंभरी ओलांडून २०२२ साली ते वारले, आणि वारण्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी आपले शेवटचे मत दिले होते.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. त्या निवडणुकीत काँग्रेसचा जोर एवढा की, ४८९ जागांपैकी ३६४ जागा तिने जिंकल्या. आपला सोलापूर मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यांतील एक राखीव. त्या लाटेतही सोलापुराने दोन्ही जागांवर काँग्रेसबाहेरची माणसे दिल्लीस पाठविली. एक शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे; दुसरे पां. ना. राजभोज, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे. लोकसभेत साऱ्या देशातून त्या पक्षाच्या दोन आणि ह्या फेडरेशनच्या दोनच जागा आल्या. त्यांतली एकएक आपल्या सोलापुराने दिली! ही गोष्ट आपल्या पोरांच्या पुस्तकात कोठे नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता डोळे मिटा, आणि तीच १९५२ ची निवडणूक बापूंच्या रीतीने झाली असे समजा.

त्या वेळी देशात साडेपाच लाखांवर खेडी होती. प्रत्येक गावचे पाच पंच धरा. साडेसत्तावीस लाख पंच झाले. शहरांची थोडी भर घाला, तरी १७ कोटी मतदारांच्या जागी खासदार निवडणारे उरले तीसेक लाख. साठांत एक माणूस मतदार, आणि बाकीचे एकोणसाठ त्याच्या तोंडाकडे पाहणार! खऱ्या निवडणुकीत एका जागेमागे सरासरीने साडेतीन लाख मतदार होते. ह्या रीतीत एका जागेमागे साडेपाच-सहा हजार.

हे पंच कोण झाले असते? आम्ही कोणाच्या घराण्यास बोल लावीत नाही. पण १९५२ चे गाव आठवा. पाटीलकी चालू होती. मुलकी पाटलाचे पद कायद्याने गेले १९६२ साली. महार वतन चालू होते. ते नाहीसे करणारा कायदा झाला १९५८ साली. कुळास जमिनीचा मालक करणारा कृषक दिन उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. म्हणजे १९५२ साली ज्याने पाटलाचा सांगावा घेऊन धावावयाचे, त्याने पाटलाविरुद्ध पंच उभा करावयाचा! ज्याची जमीन उद्या काढून घेता येते, त्या कुळाने मालकाविरुद्ध हात वर करावयाचा! मतदान गुप्त ठेविले असते असे आम्ही धरून चालतो. परंतु तीनशे मतांच्या गावात कोणते मत कोठून फुटले, हे संध्याकाळपर्यंत कळते. हे तुम्ही आम्हांस सांगावे, आम्ही तुम्हांस सांगावयास नको. बहुतेक गावांत तर निवडणूक झालीच नसती. 'गावाची एकी' म्हणून पाच नावे चावडीवर वाचून दाखविली असती, आणि नारळ फुटला असता.

मग खासदारकीचा उमेदवार आला असता. तो कोठे आला असता? वाड्यावर. पाच पंचांस तालुक्याला बोलावून घेतले असते. जेवण झाले असते, बोलणे झाले असते. कुंभारवाड्यात, मांगवाड्यात, महारवाड्यात, धनगराच्या वस्तीवर तो गेला असता काय? कशाला जाईल? तेथे त्याचे काय होते? आमच्या आजोबांनी आम्हांस सांगितले होते की, बावन्न साली उमेदवाराची माणसे प्रथमच वाड्यावस्त्यांवर येऊन हात जोडून उभी राहिली. "जोहार आम्ही घालायचा, अन् आता हीच माणसं आम्हांला रामराम घालत्यात," असे कोणी वस्तीवरचा म्हातारा तेव्हा म्हणाला होता म्हणे. तो रामराम झालाच नसता. आणि मंडळी, राजभोज आणि मोरे हे दोघेही दिल्लीस गेले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोलापुरातील पाच-दहा हजार पंचांत फेडरेशनची माणसे कितीशी असती? देशभर तोच प्रकार. तेलंगणात जमीनदार देशमुखांच्या मुलखात, नळगोंड्याहून, रवी नारायण रेड्डी नावाचे कम्युनिस्ट पुढारी निवडून आले. त्यांच्या मतांचा आकडा पंतप्रधान नेहरूंच्या मतांहूनही मोठा होता. देशमुखाच्या गढीतून निघालेल्या पंचांनी त्यांस एवढी मते दिली असती काय?

बायांचा हिशेब निराळाच. १९५२ च्या याद्या करताना पुष्कळ बायांनी आपले नावच सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच लिहवून घेतले. आयुक्तांनी अशी नावे चालणार नाहीत असे बजावले, आणि शेवटी सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळाली. वाईट झाले. पण हा आकडा नीट पाहा! आपण आताच पंच मोजले, ते साडेसत्तावीस लाख. म्हणजे खऱ्या निवडणुकीत चुकून जेवढ्या बाया गळाल्या, तेवढेच ह्या दुसऱ्या रीतीत खेड्यांतून सगळे मिळून मतदार राहिले असते. आणि त्या पंचांत बाई किती? पंचायतीत बायांस तिसरा हिस्सा मिळाला तो १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने. त्याआधीची चाळीस वर्षे आपल्या आयाआज्यांनी खासदाराचे तोंड फक्त तसबिरीत पाहिले असते.

कोणी म्हणेल, 'गुरुजी, हे सारे तुमच्या मनातले.' ठीक. मनातले सोडा, शेजारच्या घरात काय घडले ते पाहा. पाकिस्तानात १९५८ साली लष्करशहा अयूबखान गादीवर बसले. त्यांनी १९५९ साली नेमकी बापूंचीच रीत काढली, आणि तिला नाव दिले 'मूलभूत लोकशाही'. लोकांनी फक्त आपापल्या भागातले सभासद निवडावयाचे. दोन्ही पाकिस्तानांत मिळून असे ८० हजार सभासद. त्यांनीच १९६२ साली देशाची संसद निवडली, आणि त्यांनीच राष्ट्राध्यक्ष निवडावयाचा. १९६५ च्या आरंभी अयूबखानांविरुद्ध जिनांच्या भगिनी फातिमा जिना उभ्या राहिल्या. त्यांच्या सभांना माणसांचा पूर लोटला. पण पूर लोटून काय उपयोग? मते रस्त्यावरच्या माणसांची नव्हतीच. सरकारी अंमलदाराच्या मुठीत असलेल्या त्या ८० हजारांपैकी सुमारे ५० हजारांनी अयूबखानांस मत दिले, आणि बाईंना मिळाली २८ हजारांवर.

पुढे १९७० च्या डिसेंबरात त्या देशात प्रत्येक प्रौढ माणसास पहिल्यांदाच थेट मत मिळाले. काय झाले? पूर्व पाकिस्तानातील १६२ जागांपैकी १६० जागा एकट्या अवामी लीगने जिंकल्या. बारा वर्षे दाबून ठेविलेले लोकांचे मन एका दिवसात बाहेर आले. राज्यकर्त्यांनी तो निकाल मानला नाही, आणि १९७१ साली देशाचे दोन तुकडे झाले. फाळणीची कारणे आणखीही होती, हे आम्ही जाणतो. परंतु एवढे खरे की, पंचांच्या हाती मत ठेवल्याने लोकांचे मन बदलत नाही; ते राज्यकर्त्यांस दिसेनासे होते, एवढेच.

आता बापूंच्या बाजूने दोन आक्षेप आम्हीच घेतो. कारण एका बाजूचा वकील होणे मास्तरास शोभत नाही.

पहिला आक्षेप मोठा आहे. थेट मतदानाने तरी काय केले? ज्यांनी हा हक्क घटनेत लिहिला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसच १९५२ साली उत्तर मुंबईत लोकांनी पाडले. सुमारे १५ हजार मतांनी. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही पाडले. आणि ते दिल्लीच्या राज्यसभेत गेले ते कसे? मुंबई विधानसभेच्या सभासदांनी निवडून दिले म्हणून. म्हणजे बापूंच्याच रीतीने! हे सत्य आहे, आणि आम्हांस ते बोचते. ह्यास आमचे उत्तर असे : राज्यसभेत त्यांस पाठविणारी विधानसभा स्वतः थेट लोकांनी निवडलेली होती, म्हणून तीत त्यांस मत देणारे सभासद होते. आणि दुसरे, थेट मतदानाने शहाण्याच माणसाची निवड होते असा दावा आम्ही करीतच नाही. लोक चुकतात. पण चुकलेले लोक पाच वर्षांनी चूक दुरुस्त करू शकतात. पंचांनी केलेली चूक दुरुस्त करावयास लोकांपाशी काही राहत नाही. हार सोसूनही बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराविरुद्ध शब्द काढल्याचे आमच्या वाचनात नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडतानाच त्यांनी सांगितले होते की, ह्या घटनेने खेड्यास नव्हे, माणसास एकक मानले, ह्याचा त्यांस आनंद आहे. त्यांनी खेडे वाड्यावरून नव्हे, वेशीबाहेरून पाहिले होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. 'आज मते विकली जात नाहीत काय?' जातात. ह्या पटांगणात कोणी खाली मान घालावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. परंतु विक्रीचा हिशेब करा. साडेतीन लाख माणसे विकत घेणे कठीण, साडेपाच हजार घेणे सोपे, आणि सात माणसे घेणे तर किती सोपे! सरपंच थेट निवडावा की सभासदांनी, हा कायदा आपल्याकडे २०१७ साली बदलला, २०२० साली उलटला, २०२२ साली पुन्हा फिरला. आपण दोन्ही तऱ्हा पाहिल्या. सभासदांनी सरपंच निवडावयाचा असला म्हणजे पाच-सहा सभासद अचानक 'सहलीला' जातात, त्यांचे फोन बंद होतात, आणि निवडीच्या दिवशीच ते उगवतात, हे आम्ही सांगावयास पाहिजे काय? २०२१ च्या आरंभी तर नाशिक व नंदुरबार जिल्ह्यांतील दोन गावांत पदाचा चक्क लिलाव पुकारला गेला आणि राज्य निवडणूक आयोगास त्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. बोली लावता येते ती थोड्यांवर. बापू, तुमच्या रीतीने खर्च वाचेल खरा. पण तो कोणाचा? विकत घेणाऱ्याचा!

येथे राजेंद्रबाबूंवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांनी १९४८ साली ते पत्र लिहिले, त्यांनीच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर होताना सांगितले की, प्रौढ मताधिकाराचे आपणांस भय वाटत नाही. आपण खेड्यातले आहोत, खेडूत निरक्षर असला तरी त्याच्या ठायी अक्कल व व्यवहारज्ञान आहे, आणि आपले बरेवाईट त्यास कळते. मोठा माणूस तो, ज्याला आपल्या सूचनेहून लोकांवर जास्त भरवसा ठेवता येतो. बापूंनीही तेवढे मोठे व्हावे!

आता एक शेवटची गोष्ट, आणि आम्ही खाली बसतो. काही वर्षांमागे एका गावी आम्ही मतदान केंद्रावर कामास होतो. दुपारची उन्हाची वेळ, रांग लांबलेली. रांगेत एक मजूर म्हातारी उभी होती. खुरपणीचा रोज बुडवून आलेली, पदराला माती लागलेली. तिच्या मागे ज्यांच्या शेतात ती खुरपावयास जाई, त्या बागायतदाराचा मुलगा. बाहेर त्याची मोटार उभी. तो म्हणाला, "मावशे, जरा सर की, मला उशीर होतोय." म्हातारीने मागे वळून पाहिले. एरवी ती वाटेवरून बाजूला होत असेल, ह्यात आम्हांस शंका नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "मालक, आज रांग हाय." आणि सरली नाही. तोही बिचारा काही बोलला नाही, उभा राहिला. म्हातारीने बोटाला शाई लावून घेतली, बटण दाबले, पेटीचा आवाज ऐकला, आणि बाहेर येऊन ते बोट उन्हात धरून पाहत राहिली.

तिने मत कोणास दिले ते आम्हांस ठाऊक नाही. तिने निवडलेला माणूस लायक होता की नालायक, तेही ठाऊक नाही. पण पंचांच्या रीतीत ती रांग नसती. बागायतदाराचा मुलगा पंच असता, आणि म्हातारी त्या दुपारी त्याच्या शेतात खुरपीत असती.

बापू, आमचे उत्तर ते एवढेच. शाळेच्या ओट्यावर मतदारयादी टांगली आहे. ज्यांच्या घरी अठरा वर्षांची पोर किंवा पोरगा झाला असेल, आणि ज्यांच्या घरी नवी सून आली असेल, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी ती पाहून जावे. सुनेचे नाव लिहविताना तिचे स्वतःचे नाव लिहवावे; 'अमक्याची बायको' असे आम्ही लिहून घेणार नाही.